आतलं हँडल

१

जुनी गाडी विकायला काढलेला प्रत्येक माणूस मला एकच वाक्य ऐकवतो. “बाई, फारशी चाललेलीच नाही.” मी मान डोलावते आणि पेडलांकडे बघते.

पस्तीस वर्षं हेच काम करते आहे. जुनी गाडी घेणारे लोक मला बरोबर नेतात. गाडी कुठल्या सालची, पत्रा मूळचा की नंतर ठोकलेला, इंजिन हिचंच की दुसरीचं, हे मी सांगायचं. नंबर मी बघतेच, पण माझा खरा भरवसा झिजेवर. रंग नवा मारता येतो, मीटर मागे फिरवता येतं, पण क्लचच्या रबरावर ज्याचा पाय वीस वर्षं पडला तो पाय तिथे राहतोच. सीट कुठे दबली आहे त्यावरून मी चालवणाऱ्याची उंची सांगते, खिडकीची कड कुठे घासली आहे त्यावरून त्याचं कोपर. लोकांना जादू वाटते. जादू कसली डोंबलाची, बघायची सवय आहे, बस्स.

या कामाने मला एक दागिनाही दिला आहे. एकदा बोनेट हातावर पडलं, तेव्हापासून डाव्या हाताची करंगळी इतर बोटांपासून फटकून राहते. मूठ वळली तरी ती आपली बाहेरच. चहाचा कप धरला की नवखे लोक मनात म्हणत असतील, बाईचा थाट बघा.

घरी आम्ही दोघी बहिणी. धाकटी दोन वर्षांपासून विसरते आहे. आधी चष्मा, मग गॅस, मग स्वतःच्या मुलाचं नाव. तो मुलगा, माझा भाचा, वाईट नाही. त्याने एक संस्था शोधून ठेवली होती. स्वच्छ, मागे बाग, आणि दारांना बाहेरून कड्या.

“मावशी, तू दिवसभर गाड्यांखाली शिरणार. आईकडे कोण बघणार?”

“म्हणून कोंडून ठेवायचं तिला?”

“कोंडून नाही गं. सांभाळून.”

“माझ्या जिवात जीव आहे तोवर तिला कोणी कोंडणार नाही. ती माझ्याबरोबर कामावर येईल. माझ्या शेजारी बसून.”

त्याने तीन महिने दिले. जमलं तर पुन्हा विषय काढणार नाही म्हणाला, नाही जमलं तर येऊन घेऊन जाईन. मी म्हटलं, ठरलं.

अडचण एकच होती. माझ्या छोट्या गाडीत धाकटी घाबरायची. सीट खाली, आजूबाजूला ट्रकांची चाकं. ती डोळे मिटून किंचाळायची. तिला उंच बसायला हवं होतं, समोर मोकळी काच हवी होती, आणि मधे काही न येता तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागायला हवा होता. असं आसन हल्लीच्या गाड्यांत मिळत नाही. ते मिळतं जुन्या, पूर्ण मापाच्या पिकअपमध्ये, जिच्यात या दारापासून त्या दारापर्यंत एकच लांब सीट असते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांसाठी गाड्या पारखल्या, आता पहिल्यांदा स्वतःसाठी शोधायला निघाले.

२

ती सापडली एका रोपवाटिकेच्या मागच्या शेडमध्ये, खताच्या पोत्यांच्या आड. फिकट हिरवी, लांब बोनेटची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. घरासमोर उभी केली तर घर लहान दिसेल एवढी. धाकटीला मी शेडच्या दाराशी खुर्चीवर बसवलं आणि कामाला लागले.

आधी लोहचुंबक. सगळ्या पत्र्यावरून फिरवलं, एकाही जागी सुटलं नाही, म्हणजे पुट्टी कुठेच नाही. मग चेसिसवरच्या आकड्यांवर पातळ कागद धरून पेन्सिल घासली. आकडे सरळ उठले, कोणी खोडलेले नाहीत. दाराच्या खांबावरची पट्टी मूळच्या रिबिटांवर बसलेली. चारही काचांच्या कोपऱ्यात एकाच सालची खूण. अशी सचोटीची गाडी मी फार वर्षांनी बघत होते.

“बाई, फारशी चाललेलीच नाही,” रोपवाटिकेचा मालक म्हणाला. “सासऱ्यांनी हौसेने घेतली आणि त्यांची पाठच धरली. तेव्हापासून इथेच.”

मी मान डोलावली. मीटरवर सातशे बारा किलोमीटर होते. माझ्या चेहऱ्यावर हसू आलं असणार, कारण तो जरा दुखावला.

मग मी खाली शिरले आणि हसू ओसरलं. माणूस खरं बोलत होता. टायरवर नव्या रबराचे केसांसारखे तंतू अजून तसेच. एक चाक काढून ब्रेक पाहिले तर लायनरवर कारखान्यातली खडूची खूण. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा रंग एकमेकांवर घासून उडतो, तो उडालाच नव्हता. ही गाडी खरंच कुठे गेली नव्हती.

कपडे झटकून मी केबिनचं दार उघडलं, आणि तशीच उभी राहिले.

आतून ती गाडी चाळीस वर्षं वापरलेली होती.

क्लचच्या पेडलाचं रबर झिजून लोखंड चकाकत होतं. सीटला दोन खड्डे, शेजारी शेजारी. चालवणारं माणूस बुटकं, पुढे सरकून बसणारं. सीटची पुढची शिवणच तेवढी उसवली होती. स्टेअरिंगवर एका जागी अंगठ्याएवढा गोल झिजून गुळगुळीत झाला होता, कोणीतरी तिथे सतत अंगठा फिरवत राहिल्यासारखा. शेजारी बसणारं उंच. त्याच्या पायाखालच्या रबरी चटईला भोक पडलं होतं, बरोबर जिथे ब्रेक असता तिथे. म्हणजे शेजारच्यालाही गाडी येत होती आणि चालवणाऱ्यावर त्याचा विश्वास नव्हता.

शेजारच्या दाराची काच वर जाम होती, मूठ फिरवली तरी हलेना. आणि दार उघडायचं आतलं हँडल नव्हतं. तिथे चौकोनी टोक तेवढं उरलं होतं, आणि त्याच्या खाली, दाराच्या पत्र्यावर, नखांच्या चार रेघा. तीन जवळजवळ, खोल. चौथी जरा लांब, बाजूला. रेघांमध्ये जुना गंज बसलेला होता.

३

घाबरायला मला आवडत नाही. मला राग येतो. मी पाना घेऊन सीटचे आणि केबिनचे बोल्ट तपासले. कोणीतरी दुसऱ्या गाडीची केबिन हिच्यावर चढवली असणार, आणखी काय असणार? पण बोल्टांवर कारखान्यातला रंग अखंड होता. ते कोणी कधी सोडलेच नव्हते.

“आत कोण बसायचं?” मी मालकाला विचारलं.

“कोणी नाही. किल्ली आमच्याकडेच असते.”

“मग हे काय?”

त्याने आत डोकावून पाहिलं आणि खांदे उडवले. “उन्हाने होत असेल.”

शेडमध्ये ऊन येत नव्हतं, पण त्याच्याशी वाद घालून काय मिळणार. मी समोरचा कप्पा उघडला. आत पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं हँडल होतं, स्क्रूसकट. कोणीतरी ते जपून काढून ठेवलं होतं. माझ्या मनात भाच्याचा आवाज आला, कोंडून नाही गं, सांभाळून. मला त्या अनोळखी माणसाचा असा संताप आला की मी कप्पा धाडकन बंद केला. जिला कोंडलं तिने नखं मोडेपर्यंत दार खरवडलं, आणि हा हँडल फडक्यात गुंडाळून ठेवतो.

जायला वळले तर खुर्ची रिकामी.

धाकटी गाडीत बसली होती, त्या दारातून चढून, शेजारच्या जागेवर. तिला स्वतःहून पायरीसुद्धा चढता येत नव्हती. ती समोरच्या काचेतून बाहेर बघत होती, खांदे सैल, चेहरा मोकळा.

“ताई,” ती म्हणाली. चार महिन्यांत तिने मला हाक मारली नव्हती. “किती उशीर केलास.”

मी तिथेच डोळे पुसले, मालकाला दिसलं तर दिसू दे. मग स्क्रूड्रायव्हर काढला आणि सगळ्यात आधी ते हँडल जागेवर बसवलं. घट्ट. गाडीत काय खरवडलेलं आहे त्यावरून मी काय करीन हे ठरत नाही. ते मी ठरवते. गाडी घेतली.

४

दोन महिने आम्ही राण्यांसारख्या फिरलो. मी लोकांच्या गाड्यांखाली शिरायची आणि धाकटी आमच्या गाडीत वर बसून रस्ता बघायची. किंचाळणं थांबलं. जेवण वाढलं. भाचा फोनवर विचारायचा, “आई कशी आहे?” आणि मी म्हणायची, “तूच बोल,” आणि ती त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायची.

मीटर सातशे बारावरच होतं. तार तुटली असेल म्हणून पाहिली, तुटली नव्हती. सोडून दिलं.

एक गोष्ट सोडून देता येईना. धाकटीला आजारपणापासून सवय लागली आहे, हाताला लागेल त्याच्यावर अंगठा गोल गोल फिरवायची. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या कडेला तिने पॉलिश घालवलं आहे. टेबलावरचा तो गोल मी रोज पुसते. स्टेअरिंगवरचा गोल रोज माझ्या हाताखाली असायचा. मी दोन्हींचा विचार एका वेळी करत नव्हते. जाणूनबुजून करत नव्हते, खरं सांगायचं तर. धाकटीने आयुष्यात गाडी चालवली नाही, मग विषयच संपला.

आणि ती माझे पाय बघायची. रस्ता सोडून माझे पाय.

“अर्धाच सोड,” एकदा चढावर म्हणाली.

“काय?”

“क्लच. अर्धा सोड, मग गाडी मागे येत नाही.”

बरोबर होतं. मी गाडी कडेला घेतली. “तुला कोणी शिकवलं हे?”

“तू कुठे शिकवलंस?” ती हसून म्हणाली. “मी म्हणत होते शिकव, शिकव. तू म्हणालीस, तुला जमायचं नाही, तू बस शेजारी.”

म्हणाले होते. ती एकोणीसची होती, मी तेवीसची, आणि घरात गाडी चालवणारी मी एकटी असावी असं मला वाटायचं. एवढंच कारण होतं. त्यानंतर तिने विचारलं नाही आणि मी चाळीस वर्षं तिला शेजारी बसवून हिंडवलं. मुलाचं नाव विसरलेल्या बाईला हे कसं लक्षात राहिलं, देव जाणे.

“आता मी,” ती म्हणाली.

“उद्या,” मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.

५

तिसऱ्या महिन्यात, भर रस्त्यात, पन्नासच्या वेगात, तिने दार उघडलं.

मी एका हाताने तिचा दंड धरला आणि दुसऱ्याने गाडी आवरली. ती अर्धी बाहेर होती. तिचा चष्मा मागच्या चाकाखाली गेला. “मला त्या बाजूने बसायचंय,” ती मला समजावून सांगत होती, अगदी शांतपणे, चालत्या गाडीला वळसा घालून माझ्या दारापर्यंत यायचं म्हणजे काय विशेष, अशा आवाजात.

हरवली तर म्हणून तिच्या गळ्यात घातलेल्या पट्टीवरचा नंबर बघ्यांतल्या एकाने फिरवला. तो भाच्याचा होता.

“रविवारी दहाला येतो, मावशी,” तो म्हणाला. तो ओरडला असता तर मी भांडले असते. तो रडत होता.

“तिच्या बाजूचं दार आतून उघडणारच नाही असं केलं तर?” माझ्या तोंडून गेलं.

“बघ तू काय करतेस ते,” तो म्हणाला. “मी येऊन बघतो, मग ठरवू.”

शनिवारी दुपारी मी अंगणात गाडीत बसले आणि हँडलचे स्क्रू काढले. आई आपल्या पोराला गच्चीचं दार लावून घेते, त्याला कोणी कोंडणं म्हणत नाही. हे मी स्वतःला तीन वेळा बजावलं. हँडल हातात आलं. मी खिशातून फडकं काढलं, ते त्यात नीट गुंडाळलं, स्क्रूसकट, आणि कप्प्यात ठेवलं.

मग माझं लक्ष फडक्याकडे गेलं. मी आयुष्यभर पिवळीच फडकी वापरत आले आहे.

म्हणजे तो अनोळखी, ज्याला मी शेडमध्ये शिव्या घातल्या, ती मीच होते तर. आणि त्या रेघा धाकटीच्या होणार. “होऊ देणार नाही,” मी गाडीला मोठ्याने सांगितलं. शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती. बघू दे. भाचा बघून जाऊ दे, सोमवारी हँडल परत लावीन, आणि तोपर्यंत तिला एकटीला मी त्या जागी बसवणारच नाही. एवढं साधं होतं.

पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे हात वाचले. त्यात एक सवय लागते, आपला हात मोजायचा नाही. तपासताना तो सगळीकडे लागतो, म्हणून तो वगळायचा. त्या दुपारी त्या चार रेघा माझ्यासमोर वीतभर अंतरावर होत्या, आणि मी त्या वाचल्या नाहीत.

६

रविवारी साडेनऊला मी तिचे केस विंचरायला खोलीत गेले तर ती नव्हती. बाहेर इंजिन सुरू झालं.

मी धावले. धाकटी स्टेअरिंगवर बसली होती, पुढे सरकून, पाठ ताठ. तिच्या बाजूचं दार आतून लावलेलं, किल्ली लागलेली, गाडी फाटकाकडे हळूच सरकायला लागलेली. मी वळसा घातला, दुसरं दार बाहेरून उघडलं आणि चालत्या गाडीत उडी मारली. किल्लीकडे हात टाकणार तोच गाडी वळली, दार मागे आपटून बंद झालं आणि आम्ही रस्त्यावर आलो.

“धाकटे, थांबव.”

“शांत बस ताई. पाय मारू नकोस.”

माझा पाय ब्रेक दाबत होता. खाली ब्रेक नव्हता. चटईच्या भोकात माझा बूट पूर्ण मावला होता.

ती छान चालवत होती. हे सांगायलाच हवं. क्लच अर्धा सोडत होती, वळणाआधी वेग कमी करत होती, गिअर बदलताना आवाजसुद्धा येत नव्हता. तिचा अंगठा स्टेअरिंगवर गोल गोल फिरत होता, त्याच्या जागेवर. कोपऱ्यावर समोरून भाच्याची गाडी आली. मी हात हलवला, ओरडले, काचेवर थापा मारल्या. तो आमच्या अंगावरून नजर नेत पुढे गेला, रिकाम्या रस्त्याकडे बघावं तसा.

तेव्हा माझा डावा हात दाराकडे गेला. हँडल नव्हतं. हात खाली घसरला आणि नखं पत्र्याला टेकली. तीन बोटं तीन रेघांत बसली. करंगळी, नेहमीप्रमाणे फटकून, चौथ्या रेघेत.

मी हात झटकन मागे घेतला.

त्याला किती वेळ झाला मला सांगता येत नाही. मीटर सातशे बारावर आहे. ऊन साडेनऊचं आहे. रस्ता ओळखीचा होता, आता नाही. किल्ली माझ्यापासून हातभर लांब आहे. मी तीनदा हात पुढे केला आणि तीनदा धाकटीच्या चेहऱ्याकडे बघून मागे घेतला. ती इतकी आनंदात आहे. तिला सगळं आठवतं आहे, ती मला आमच्या लहानपणच्या गोष्टी सांगते आहे, एकही नाव न चुकता. तिला कोणी कोंडणार नाही असं मी म्हणाले होते, आणि ते खरं झालं आहे. कोणी म्हणेल, बाई फसली. म्हणू दे. चाळीस वर्षं ती माझ्या शेजारी बसली, आता मी तिच्या शेजारी बसेन, आणि तोंड वर करून बसेन.

पण ते दार मी खरवडणार नाही. कितीही वेळ लागो. गाडीने आधीच लिहून ठेवलं असेल तर ठेवू दे, हात माझा आहे. डावा हात मी मांडीखाली दाबून धरला आहे आणि त्यावर सगळा भार टाकून बसले आहे.

करंगळी तेवढी बाहेर राहिली आहे.